वर्कशॉपला कुलूप आणि जर्नलवर सही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक मिलिंग, तीन वेल्डिंग मशीन आणि सात माणसं, एवढाच पसारा. पत्रबित्र लिहायची सवय नाही त्यामुळे भाषा सांभाळून घ्या. विषय शाळेतल्या व्होकेशनल, म्हणजे व्यवसाय शिक्षणाच्या, विषयांचा आहे आणि तो डोक्यात बसायला कारण म्हणजे माझी पुतणी.

ती नववीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत जर्नल घेऊन वर्कशॉपवर आली, काका मला बेंच व्हाइसची (काम घट्ट पकडून ठेवायचा शिकंजा) आकृती काढून दे ना म्हणून. मी म्हटलं माझ्या हातची आकृती कशाला, तो बघ टेबलाला ठोकलाय, समोर बसून काढ. ती गेली, हँडल फिरवलं, जॉ, म्हणजे पकडायचा जबडा, पुढे आला, परत मागे नेला, असं चार-पाच वेळा नुसतं करत बसली आणि मग म्हणते कशी, "अच्छा म्हणजे एकच बाजू हलते होय!" जर्नल चाळून बघितलं तर आधीच्या पानांवर हॅक्सॉ, कानस, ट्राय स्क्वेअर म्हणजे आपला गुण्या, सगळ्यांच्या आकृत्या, नावं दिलेली, बाण काढलेले, खाली लाल पेनाने सही. मी विचारलं शाळेत व्हाइस नाहीये का गं? तर म्हणाली "आहेत ना, चार आहेत, खिडकीतून दिसतात."

खिडकीतून दिसतात हे ऐकून मला हसावं का रडावं कळेना. वर्कशॉपच्या खोलीला कुलूप असतं आणि तपासणीला कोणी आलं की उघडतात म्हणे.

आता शाळेला शिव्या घालणं सोपं आहे पण मी मुद्दाम जाऊन भेटलो. शिकवणारा पोरगा कंत्राटावरचा, तिशीच्या आतला, चांगला वाटला, त्याला शिकवायचं आहे. पण त्याने जे सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे. म्हणाला साहेब, खोलीतली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीला, लागलेली आहे, पाना हरवला तर मी भरायचा, ड्रिल मशीन जळलं तर खुलासा मी द्यायचा, आणि मोडलेली वस्तू रजिस्टरमधून काढायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव करून वर पाठवावा लागतो, तो कधी परत येईल ते देवाला ठाऊक. त्यापेक्षा कुलूप बरं. पत्रा, रॉड, ब्लेड, वेल्डिंग रॉड असलं संपणारं सामान तर गेल्या वर्षी एकदाच आलं, तेही प्रात्यक्षिक परीक्षेला लागेल म्हणून जपून ठेवलंय.

संपादक साहेब, माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवतीच आहे. मशीन दिली, पुस्तकं दिली, विषयाला गुण दिले, पण पोरांना माल खराब करायची परवानगी कोणी दिलीच नाही. आणि माल खराब केल्याशिवाय हात बसत नाही, हे कुठल्याही कामगाराला विचारा.

मी स्वतः १९८९ ते ९२ टेक्निकलला होतो. आमच्या शाळेतून आम्हाला आठवड्यातून दोनदा सरकारी टेक्निकल सेंटरला पाठवायचे, सायकलवर डबलसीट जायचो. आम्हाला पहिला जॉब काय दिला असेल तर एक लोखंडी तुकडा, ५० बाय ५० चा, ६ एमएम जाडीचा, आणि सांगितलं याच्या चारही बाजू कानसून काटकोनात आणा. बस्स. चार आठवडे तेच. सर गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून तुकडा खिडकीकडे धरायचे आणि गुण्याच्या नि लोखंडाच्या मधून उजेड दिसला की तुकडा परत हातात. एक शब्द बोलायचे नाहीत. आम्ही वैतागायचो, बोटांना फोड यायचे, मग एक दिवस एका बाजूला उजेड दिसेना तेव्हा जो काय आनंद झाला होता तो दहावीच्या निकालाला पण झाला नव्हता, खरं सांगतो. चौथी बाजू सरळ करेपर्यंत माझा तुकडा ४३ वर आला होता, म्हणजे ७ एमएम लोखंड मी भुशात घालवलं होतं. सरांनी दुसरा तुकडा दिला. ना ओरडले ना चिठ्ठी लिहिली.

हॅक्सॉची ब्लेडं तर आम्ही किती तोडली त्याला हिशोब नाही. ब्लेड वाकडं गेलं की लगेच जोर लावून सरळ करायला जायचं नि कडकन तुटायचं. कोपऱ्यात तुटक्या ब्लेडचा डबाच होता. (त्यातली दोन-चार आम्ही गुपचूप ग्राइंडरवर घासून चाकू केले होते, ते सरांना माहीत होतं की नाही आजही कळलेलं नाही.) पण पाच-सहा ब्लेडं तुटल्यावर हाताला आपोआप कळायला लागलं की ब्लेडला जेवढं जायचंय तेवढंच जाऊ द्यायचं. हे कुठल्या जर्नलमध्ये लिहिणार? कानस पुढे जाताना दाबायची, मागे येताना सोडायची, हे वाक्य पुतणीला पाठ आहे हो. पण हातात कानस दिल्यावर जाताना-येताना दोन्हीकडे दाबत होती, दहा मिनिटात खांदा धरला, मग स्वतःच म्हणाली अरे हे तर मी लिहिलंय!

माझ्याकडे कामाला येणाऱ्या पोरांचं पण हेच. डिप्लोमा झालेला, टक्के चांगले, मी विचारतो एम ६ चा टॅप मारायचा, म्हणजे भोकात ६ एमएम बोल्टचे आटे पाडायचे, तर ड्रिल कितीचा? ५ चा, बरोबर सांगतो. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप? ०.०२ एमएम, तेही बरोबर. मग एक गोल रॉड हातात देऊन म्हणतो माप, तर व्हर्नियर तिरका धरतो आणि तीनदा तीन वेगळी मापं येतात. टॅप मारायला दिला तर सरळ आवळत सुटतो, अर्धा फेरा पुढे घेऊन थोडा मागे आणायचा, कीस तुटू द्यायचा, हे माहीत नाही, आणि टॅप भोकातच तुटतो. तुटलेला टॅप काढताना कधीकधी अख्खा जॉब जातो. मी पोरांना दोष देत नाही, बिचाऱ्यांनी चूक कुठे करायची होती? शाळेत वर्कशॉप बंद, कॉलेजात वीस जणांत एक मशीन आणि शेवटी माझ्याकडे येऊन गिऱ्हाइकाच्या मालावर पहिली चूक करतात.

आणि ही गोष्ट काही आजची नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण, नई तालीम, मांडलं. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव आणला, आणि आपल्याकडे त्या कार्यानुभवाचं काय झालं ते माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल, कागदी तोरणं, समईच्या वाती आणि आईने विणून दिलेला रुमाल. मग अकरावी-बारावीला एमसीव्हीसी, म्हणजे किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, आलं, नववीपासून व्होकेशनल विषय आले. आता २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर सहावी ते आठवीच्या पोरांनी दहा दिवस दप्तर न घेता सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे जाऊन शिकावं असं लिहिलंय, आणि २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असंही. लिहिलेलं सगळं चांगलंच आहे. पण ओळख म्हणजे काय, हे कोण ठरवणार? चार व्हाइस खिडकीतून बघणं ही पण ओळखच झाली की.

आता कोणी म्हणेल की हे सगळं शाळेत जमतच नाही, पैसे नाहीत, माणसं नाहीत. त्यांनी एकदा पाबळला जाऊन यावं. शिक्रापूरवरून जा नाहीतर राजगुरूनगरवरून. शिरूर तालुक्यातलं हे पाण्याची टंचाई असलेलं गाव, तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. माणूस अमेरिकेत पीएचडी करून आलेला, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधनात मोठ्या जागेवर, ते सोडून पाबळच्या माळावर. त्यांनी शाळेतल्या पोरांसाठी जो अभ्यासक्रम बसवला त्याचं नाव मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख, इंग्रजीत इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी, म्हणून सगळे आयबीटी म्हणतात, आठवी ते दहावीला आठवड्यातला एक अख्खा दिवस. वर्कशॉपचं काम, ऊर्जा आणि पर्यावरण, घर आणि आरोग्य, शेती आणि पशुपालन असे चार भाग आणि सगळे सगळ्यांना, म्हणजे मुलींनी वेल्डिंग करायचं आणि मुलांनी स्वयंपाकघरातलं पण करायचं. आमच्या टेक्निकलच्या बॅचला एक मुलगी नव्हती हो.

मला त्यातल्या दोन गोष्टी फार पटल्या. एक म्हणजे शिकवायला गावातलाच कारागीर, वेल्डर, वायरमन, शेतकरी, मानधनावर. त्याच्याकडे बीएड नसेल पण त्याच्या हातात आहे ते. दुसरी म्हणजे पोरांनी खोटं खोटं काम करायचं नाही, गावाला लागणारं खरं काम करायचं, कोणाची वायरिंग, कोणाचं स्टूल, कोणाची माती तपासून द्यायची, आणि त्याचे पैसे घ्यायचे. म्हणजे सामानाचा खर्च काही प्रमाणात सुटतो आणि त्याहून मोठं म्हणजे स्टूल डुगडुगलं तर ज्याचं आहे तो येऊन सांगतो. लाल पेनाच्या सहीपेक्षा ते जास्त लक्षात राहतं. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने पाबळला फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने वस्तू बनवायची प्रयोगशाळा, झाली, तिथल्या गोल घुमटासारख्या इमारती तर लांबूनच ओळखू येतात. पण फॅब लॅबचं कौतुक झालं की सगळे थ्रीडी प्रिंटरच्या मागे लागतात. प्रिंटर पण रजिस्टरला लागेल आणि त्यालाही कुलूप बसेल, म्हणून मला आधी ब्लेडचं बोलायचंय.

तर मागणी काय म्हणाल तर अगदी साधी. प्रत्येक शाळेला वर्षाला ठराविक रक्कम फक्त संपणाऱ्या सामानाची द्या आणि वर्षअखेर ती शिल्लक दिसली तर शाबासकी नको, उलट जाब विचारा की का उरली. हत्यारं तुटणार हे धरूनच चाला आणि त्याचं निर्लेखन मुख्याध्यापकांच्या सहीने तिथल्या तिथे होऊ दे, चारशे रुपयांच्या ड्रिल चकसाठी पुण्याला कागद कशाला पाठवायचा? शिकवणाऱ्याच्या पगारातून हत्याराचे पैसे कापायची भीती काढा, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण एक माणूस घाबरला की चाळीस पोरांचे हात बांधले जातात. ३५ मिनिटांच्या तासात तर काही होतच नाही, हत्यारं मोजून द्यायला दहा मिनिटं, मोजून घ्यायला दहा, मधे पोरगं ॲप्रन चढवतंय तोवर घंटा. सलग तीन तास तरी पाहिजेत. आणि परीक्षेला तोंडी प्रश्न नि जर्नल बघून मार्क देण्याऐवजी एक तुकडा, एक ड्रॉइंग आणि दोन तास द्या, गुण्या लावा, उजेड बघा. मार्क आपोआप कळतील.

सेफ्टीचं विचाराल तर तो मुद्दा मी उडवून लावणार नाही, माझ्या डाव्या हाताच्या बोटावर अजून खूण आहे. गॉगल पाहिजे, बूट पाहिजेत, केस बांधलेले पाहिजेत, ड्रिलपाशी हातमोजे नकोत, जवळ एक माणूस स्विचपाशी उभा पाहिजे. पण म्हणूनच शाळा बरी. चौदाच्या आतलं पोर आम्ही कामाला ठेवूच शकत नाही, ठेवूही नये, अठराच्या आतल्याला धोक्याच्या कामाला लावता येत नाही, कायदा आहे आणि तो योग्य आहे. पुतणी आली होती तीही माझ्या समोर बसून कानसच चालवत होती, मशीनला मी हात लावू दिला नाही. माल संपवायची घाई नाही, गिऱ्हाईक डोक्यावर नाही, शांतपणे शिकवणारा माणूस शेजारी आहे, अशी जागा पोरांना शाळेखेरीज कुठे मिळणार सांगा.

घरच्यांचं पण एक सांगतो, वहिनीच म्हणाली मार्क चांगले पडतात तिला, कशाला लोखंडात घालताय. आमच्या वेळी उलट होतं, टेक्निकल घेतलं की पुढे डिप्लोमाच्या ॲडमिशनला फायदा व्हायचा म्हणून हुशार पोरं नंबर लावायची. आता तो विषय ज्याला गणित जमत नाही त्याचा असा शिक्का बसलाय, आणि गंमत म्हणजे कोन, माप, प्रमाण याच्याइतकं गणित मला तरी दुसऱ्या कुठल्या तासाला कळलं नव्हतं.

शेवटी एक सांगून थांबतो. माझ्याकडे दर महिन्याला लोखंडाचे तुकडे निघतात, पत्र्याच्या पट्ट्या, रॉडची टोकं, वीत-दीड वीत लांबीची, मी ती भंगारवाल्याला किलोवर देतो. त्या शाळेला म्हटलं फुकट नेऊन टाकतो, पोरांना कानसायला द्या. दोन आठवड्यांनी निरोप आला की देणगी म्हणून घ्यायची तर ठराव लागेल आणि रजिस्टरला नोंद करायची तर प्रत्येक तुकड्याचं वर्णन आणि किंमत लागेल, त्यामुळे तूर्तास नको. पोतं अजून माझ्या शटरपाशी तसंच पडलंय, पुतणी रविवारी येते नि त्यातला एखादा उचलते. भोसरी, चाकण, आळंदीच्या बाजूला कुठल्या शाळेला हवे असतील तर गाडीभाडं पण माझं, फक्त खोलीचं कुलूप तेवढं तुम्ही उघडा.

आपला,
एक वर्कशॉपवाला वाचक, भोसरी