सई, दहावीच्या आधीच का

नाशिक, फेब्रुवारी २०२६

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून पत्र कसलं लिहितेस म्हणशील. पण बाबांकडे जर्मनीला, स्टुटगार्टला राहायला जायचा हा विषय जेवताना निघाला की आजी बोलते, तिकडून फोनवर बाबा बोलतात, मी बोलते आणि तू ताट उचलून आत जातेस. तुझा प्रश्न मात्र रास्त आहे. जायचंच आहे तर पुढच्या मार्चमध्ये दहावी देऊन का नाही जायचं? बालवाडीपासून ज्या मुली बरोबर आहेत त्या बोर्डाला बसणार आणि तू नववीतूनच शाळा सोडल्याचा दाखला काढणार.

आणि हे सांगणारी कोण, तर दहावीला गणित शिकवणारी, बोर्डाचे पेपर तपासणारी तुझी आई! आमच्या स्टाफरूममध्येही हेच चाललंय. "मॅडम, एवढं एक वर्ष थांबा की." मी हसून विषय बदलते. तुला मात्र सांगते. दहावीच्या टक्क्यांचं खरं काम एकच, अकरावीला हवं ते कॉलेज मिळवून देणं. तुला अकरावी इथे करायचीच नाही. स्टुटगार्टच्या शाळेला तुझ्या टक्क्यांपेक्षा दोन गोष्टींत जास्त रस असणार, तुझं वय किती आणि तुला जर्मन किती येतं. इथे दहावीला बसलीस तर वय वर्षभर वाढेल आणि जर्मन आहे तिथेच राहील, कारण दहावीच्या वर्षात तू जर्मनचं पुस्तक उघडणार नाहीस हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

वयाचं नीट समजून घे. जर्मनीत शाळा हा केंद्राचा विषय नाही. सोळा राज्यं आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. म्हणून बर्लिनमधल्या कुणा मराठी ताईचे व्हिडिओ बघून तू जे ठरवतेस ते आपल्याला लागू होईलच असं नाही. आपण जाणार ते बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, स्टुटगार्ट त्या राज्यात आहे. तिथे जर्मन न येणाऱ्या मुलांना आधी तयारीच्या वर्गात घालतात. दिवसाचा बराच वेळ जर्मन, आणि जमेल तसं गणिताला, इंग्रजीला, खेळाच्या तासाला नेहमीच्या वर्गात बसवायचं. पंधराव्या वर्षी गेलीस तर हा वर्ग साध्या शाळेतच मिळण्याची शक्यता चांगली. सोळा उलटल्यावर गेलीस तर बहुधा व्यवसाय शिक्षणाच्या शाळेतल्या भाषावर्गात पाठवतील. तिथूनही पुढे वाट आहे, पण लांबची आहे आणि तुझ्या वयाच्या, त्याच भागातल्या मुली वर्गात भेटणं कठीण. मैत्रिणींसाठी दहावी इथे करायची म्हणतेस ना? मग तिकडच्या मैत्रिणींचाही विचार कर.

आता जे नातेवाइकांना सांगायला मी अजून धजले नाही ते. तुला बहुतेक एक वर्ष मागे बसवतील, म्हणजे पुन्हा नववी. आत्या त्याला नापास म्हणेल. म्हणू दे. शिवाय पहिल्या दिवशी तुला गिम्नाझियममध्ये घेतील असंही नाही. तिकडे चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. गिम्नाझियम म्हणजे थेट आबितुरकडे, आबितुर म्हणजे आपली बारावी समज, विद्यापीठाचा प्रवेश त्यावर. रेआलशूलं दहावीला संपते. आपल्याकडच्या सवयीनं आपण लगेच एकीला 'वरची' आणि दुसरीला 'खालची' म्हणणार. बाबांनीही तेच केलं, आणि पहिले काही दिवस फक्त गिम्नाझियमचेच पत्ते गोळा करत होते. मला स्वतःला रेआलशूलं जास्त पसंत आहे. तिथे दहावी चांगल्या रीतीनं संपवली की त्याच राज्यात व्यवसाय-गिम्नाझियम असतं, तीन वर्षांचं, त्यात तंत्रज्ञानाची, अर्थशास्त्राची, जीवतंत्रज्ञानाची शाखा घेता येते, आणि शेवटी मिळतं ते आबितुरच, संपूर्ण. कितीतरी मुलं याच वाटेनं जातात. आबितुरला लागणारी दुसरी परकी भाषाही तिथे पहिल्या पायरीपासून सुरू करता येते. गिम्नाझियममध्ये मात्र मुलांची फ्रेंच किंवा लॅटिन सहावीपासून चालू असते, आणि तू नववीत जर्मन, फ्रेंच दोन्ही एकदम कुठे धरणार?

पैशाचा हिशेब आजीला सांगून झालाय, तुलाही सांगते. सरकारी शाळेला फी नाही, पुस्तकं शाळाच वापरायला देते आणि वर्षाखेरीस परत घेते. त्यामुळे समासात पेनानं डोळे काढायची सवय इथेच सोड. विद्यापीठात मात्र त्या राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो भरावे लागतात. पण तिकडच्या शाळेतून आबितुर केलं की ही फी लागत नाही. इथून बारावी करून जाणाऱ्याला ती सूट नाही, आणि नुसत्या बारावीवर थेट प्रवेशही सहसा मिळत नाही. मामा म्हणतो ना, "बारावी करून पाठवा, मुलगी मोठी होईल"? त्याला यातलं काहीच माहीत नाही, पण तो ठामपणे बोलतो.

जर्मनची भीती घालवायला मी जास्त बोलत नाही. तू संस्कृत घेतलंयस. आठ विभक्त्या चालवणाऱ्या मुलीला चारचं काय? नपुंसकलिंग तुला आईच्या दुधाबरोबर मिळालंय, आणि एकवीस, बावीस म्हणताना एकक आधी घ्यायची सवय तर मराठी माणसाला जन्मापासून आहे, जर्मनही तसंच मोजतात. अवघड आहे ते ऐकणं. सरांच्या ऑनलाइन क्लासमधलं जर्मन स्वच्छ असतं. स्टुटगार्टकडे बोलतात ते श्वाबियन ढंगाचं. बाबांना कामावर तेच ऐकून घाम फुटतो, म्हणून त्यांच्याशी फोनवर बोलताना त्यांची चेष्टा जरा कमी कर.

गणित माझ्याकडे. एप्रिलमध्ये तुझी वार्षिक परीक्षा संपली की मे महिनाभर आपण दहावीचं बीजगणित आणि भूमिती काढणार आहोत, पण बोर्डाच्या क्रमानं नाही. वर्गसमीकरणं आधी, कारण ती तिकडे साधारण नववीपर्यंत होऊन गेलेली असतात, आणि नुसती सोडवायची नाहीत, प्रत्येकाचा आलेख काढायचा. आपण इथे आलेखाला फार घाईत उरकतो, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. मग समरूपता, पायथागोरस, त्रिकोणमिती. अर्थनियोजनाचा धडा सोड, जर्मनीत जीएसटी कुणी विचारणार नाही. प्रत्येक धड्याबरोबर जर्मन शब्दांची वही. अपूर्णांक, समीकरण, कोन, त्रिकोण हे शब्द आले तर गणिताच्या तासाला तू पहिल्या आठवड्यात उभी राहशील, आणि एका विषयात उभं राहिलेल्या मुलीकडे वर्ग वेगळ्या नजरेनं बघतो. सेमी इंग्रजीमुळे गणिताच्या संज्ञा तुला दोन भाषांत येतातच, ही तिसरी.

बारीकसारीक गोष्टी आहेत, त्यांची सवय आत्ताच हाताला लाव. तिकडे दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम देतात आणि हजारांच्या जागी टिंब. म्हणजे १.५०० लिहिलं तर ते दीड हजार, दीड नव्हे. सातच्या पोटातून आडवी रेघ काढतात आणि एकाला वर लांब शेंडी असते. साधी शेंडी नसलेली रेघ काढलीस तर शिक्षक बुचकळ्यात पडतील. गुण १ ते ६. एक सगळ्यात चांगला, सहा सगळ्यात वाईट. पहिल्या चाचणीत ५ मिळाले तर पाचपैकी पाच समजून आजीला पेढे वाटायला लावू नकोस.

पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. पालकसभेला दरवेळी तुझ्याबद्दल एकच वाक्य ऐकते, "सई खूप शांत मुलगी आहे, काही त्रास नाही." इथे ते कौतुक आहे. मीही माझ्या वर्गातल्या अशा मुलींचं असंच कौतुक करते. तिकडे वर्गात बोलण्याला गुण असतात, आणि ते निकालात धरले जातात. हात वर करायचा, चुकीचं उत्तर द्यायचं, दुसऱ्याच्या उत्तरावर "मला असं वाटत नाही" म्हणायचं. गप्प बसणाऱ्या मुलीला येत नाही असं धरतात, कारण येत असेल तर ती बोलली असती असं त्यांना वाटतं. भाषा कच्ची असताना हे किती जड जाईल हे मला दिसतं. म्हणून त्याची सुरुवात इंग्रजीपासून कर. इंग्रजी तिकडच्या मुलांनाही शिकावीच लागते आणि तुझी चांगली आहे. आत्तापासूनच इंग्रजीच्या तासाला हात वर करायला लाग. तुझ्या मॅडमना मी सांगून ठेवलंय, त्या मुद्दाम तुला विचारतील. चिडू नकोस.

कागदांचं म्हणशील तर बहुतेक झालंय. महानगरपालिकेतून जन्मदाखल्याची इंग्रजी प्रत आणली. शाळेच्या रजिस्टरला तुझं आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी आणि एका निकालपत्रकावर बाबांचं नाव मध्ये नाहीच, तेवढं शाळेतून दुरुस्त करून घ्यायचं राहिलंय. ही तीन वेगळी माणसं नाहीत हे परदेशातल्या कार्यालयाला पटवण्यापेक्षा इथल्या क्लार्कला चहा पाजणं सोपं. लसीकरणाचं कार्डही लागतं. मार्च २०२० पासून तिकडे गोवराच्या लशीचा पुरावा शाळेला द्यावाच लागतो, दोन डोस. २०१८ च्या मोहिमेत तुझ्या शाळेत गोवर-रुबेला दिली तेव्हा तू आख्खा वर्ग डोक्यावर घेतला होतास, त्या इंजेक्शनची नोंद आता कामाला आली. डॉक्टरांनी सगळ्या नोंदी एका कागदावर इंग्रजीत सही-शिक्क्यानिशी लिहून दिल्यात.

"आणि नाही जमलं तर?" हे तू विचारलं नाहीस, पण रात्री जागी असतेस ते मला कळतं. नाही जमलं तर परत येऊ. नववी पास आणि दाखला हातात असला की नमुना नंबर १७ भरून बाहेरून दहावीला बसता येतं. माझ्याकडे दरवर्षी अशी मुलं शंका विचारायला येतात, काही तर पंचवीस-तीस वर्षांची असतात. दहावी कुठेही पळून जात नाही. आबितुर करून आलीस तर त्याला इथे समकक्षता असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज देते. म्हणजे दोन्हीकडून परतीची वाट आहे, आणि ती मी नीट बघून ठेवलीय. फक्त ती वाट आहे म्हणून तिकडे अर्ध्या मनानं बसायचं नाही.

सुट्ट्यांचं मात्र आधीच सांगते. शाळा चुकवणं तिकडे कायद्यानं चालत नाही. घरी बसून शिकवतो म्हटलं तरी चालत नाही. मामाचं लग्न डिसेंबरात धरलं तर नाताळच्या सुट्टीत बसेल तेवढंच. २०२७ च्या सिंहस्थाला ऑगस्टची पर्वणी सुट्टीत येते, तेव्हा येऊ. गेल्या वेळी तू चार वर्षांची होतीस आणि रामकुंडावरची गर्दी बघून बाबांच्या खांद्यावरून खाली उतरायला तयार नव्हतीस.

शाळा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते. त्याआधी जुलैअखेरीपर्यंत त्यांचं जुनं वर्ष चालूच असतं, म्हणून आपण जूनमध्येच जायचं. सुट्टी लागण्याआधी नाव नोंदवता आलं तर बरं, आणि ऑगस्ट अख्खा जर्मन ऐकायला मिळेल, ट्राममध्ये, दुकानात, शेजारी. ऑगस्टच्या अखेरीस गेलो असतो तर उतरलीस आणि वर्गात बसलीस असं झालं असतं.

सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड मी बंद करणार नाही. आजी तुझ्यासाठी पुस्तकं घेऊन ठेवेल, आल्यावर वाच. मराठी तिकडच्या शाळेत कुणी शिकवणार नाही, ती आपणच सांभाळायची. मी तुला पत्रं मराठीतच लिहीन आणि उत्तर मराठीतच घेईन, व्हॉट्सॲपवरच्या इंग्रजी अक्षरांतलं मराठी मला चालत नाही.

आणि एक. जायचंय म्हणून नववीची परीक्षा सोडून दिल्यासारखी वागू नकोस. सहामाहीत भूगोलात पडलेत ते गुण मी पाहिलेत. याच निकालपत्रकाचं शपथबद्ध भाषांतरकाराकडून जर्मन भाषांतर होणार आहे, विषयवार, शिक्क्यासह, आणि तो माणूस पानामागे पैसे घेतो. तेव्हा पैसे मोजून दाखवण्यासारखा भूगोल होऊ दे. उद्या संध्याकाळी नकाशा आणि वही घेऊन बस, मी सहाला येते.

तुझी,
आई