चालवला होता, पाहिला नव्हता

३ जून २०२४

चि. मंजूस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू विचारलंस, "कसा होता सिनेमा?" आणि मी "चांगला होता" म्हणून विषय संपवला. तुला राग आला असणार. तिकिटं तू काढलीस, ती मोबाइलवर कशी दाखवायची हे दोनदा समजावून सांगितलंस, आणि माझ्याकडून मिळाले दोन शब्द. पण फोनवर मला धड बोलता येत नाही, त्यात तुझी आई शेजारून "स्पीकरवर टाका, स्पीकरवर टाका" करत होती. म्हणून हे पत्र.

आधी एक कबुली देतो. 'मंथन' मी पाहिलेला आहे असं तुला इतकी वर्षं सांगत आलो, ते खरं नाही. मी तो चालवला होता, थिएटरातल्या मशीनवर, ऑपरेटर असताना. आठवडाभर मॅटिनी आणि दोन जादा खेळ धरून नऊ वेळा. पण ऑपरेटर सिनेमा पाहत नाही गं. केबिनच्या भिंतीत वीतभर काचेची खिडकी असते, तिच्यातून तो पडदा पाहतो. फोकस बरोबर आहे ना, चित्र वर-खाली सरकत नाही ना, उजेड पिवळा पडला नाही ना, एवढंच. मागे दुसऱ्या मशीनवर पुढचं रीळ चढवायचं असतं, उतरलेलं हातानं गुंडाळायचं असतं, उजेडासाठी मशीनमध्ये जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या जळत जळत लांब गेल्या की जवळ आणायच्या असतात. कांडीकडे दुर्लक्ष झालं की पडद्यावर संध्याकाळ होते आणि खालून शिट्या सुरू होतात. सव्वादोन तासांच्या सिनेमातला मला सलग दिसायचा तो फार तर पाच-सात मिनिटांचा तुकडा, तोही एका डोळ्यानं.

त्यामुळे काल दुपारी खुर्चीत बसून, हात मोकळे ठेवून मी तो पहिल्यांदाच पाहिला. हात मोकळे होते म्हणजे काय, मांडीवर चुळबुळतच होते. आणि डोळे सारखे पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे जात होते. तिथे रीळ संपायच्या आठेक सेकंद आधी एक ठिपका येतो. तो आला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सात सेकंदांनी दुसरा ठिपका आला की उडी मारायची, म्हणजे या मशीनचा उजेड बंद आणि त्या मशीनचा चालू. चार फ्रेमांचा ठिपका, डोळा मिटला तर गेला. प्रेक्षकाला तो जन्मात दिसत नाही आणि मला दुसरं काही दिसत नाही. काल तो एकदाही आला नाही. पहिला अर्धा तास मी त्याची वाट बघत बसलो होतो. दोन-तीनदा मागे वळून केबिनच्या काचेकडेही पाहिलं. आत कुणी नव्हतं. हार्ड डिस्कवरून आपोआप चालतो म्हणे सगळा खेळ. शेवटी तुझी आई म्हणाली, "मागे काय बघताय? सिनेमा पुढे आहे." मग मात्र मुकाट पुढे बघितलं.

तू म्हणालीस, "बाबा, जुने सिनेमे फोनवर मिळतात, उन्हात कशाला जाताय?" हे तू तिकिटं काढून झाल्यावर म्हणालीस, म्हणून माफ. फोनवर गोष्ट मिळते, कबूल. एक तरुण डॉक्टर गुजरातेतल्या खेड्यात रेल्वेनं येतो, दुधाची सहकारी सोसायटी काढू बघतो, गावातल्या डेअरीवाल्याच्या आणि सरपंचाच्या मुळावर येतो, आणि शेवटी पुन्हा रेल्वेनं निघून जातो. सोसायटी ज्यांची, त्यांच्यावर सोपवून. एवढं फोनवर कळतंच. पण मोठ्या पडद्यावर माणसं मोठी होतात. स्मिता पाटील नुसती उभी आहे, काही बोलत नाही, समोरचा डॉक्टर काय सांगतोय ते तिला पटलेलं नाही. आणि तिच्या मानेवरची शीर हलते. ही शीर माझ्या वीतभर काचेतून कधी दिसली नव्हती. तेव्हा ती जेमतेम विशीची होती गं. ८६ साली गेली, तेव्हा एकतीस. त्या दिवशी तुझी आई पेपर हातात घेऊन किती वेळ नुसती बसून होती, ते मला काल अंधारात आठवलं. तिलाही आठवलं असणार, पण आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

नसीरुद्दीन शाहचा भोला, गिरीश कर्नाड, अमरीश पुरी, आपले मोहन आगाशे... सगळे इतके कोवळे, की आईनं आगाशांना ओळखायलाच वेळ घेतला. पटकथा तेंडुलकरांची. बेनेगलांनी हा सिनेमा ७६ साली केला तो गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांच्या पैशांतून, प्रत्येकाचे दोन रुपये. लागल्यावर ते शेतकरी ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला गेले. आमच्याकडे ट्रक काही आले नाहीत. मॅटिनीला साठ-सत्तर डोकी, त्यातली निम्मी पंख्याखाली झोपायला आलेली. गाणं मात्र सगळ्यांना आवडायचं. तेच, जे तू पुढे दुधाच्या जाहिरातीत ऐकलंस आणि 'जाहिरातीचं गाणं' म्हणायचीस.

काल पाहिला तो 'मंथन' रिस्टोअर केलेला, म्हणजे जुन्या फिल्मवरून पुन्हा नीट केलेला. त्यात नक्की काय केलं, ते सांगतो. पेपरात वाचलं, आणि वाचताना मला एकेक गोष्ट बोटांना कळत होती.

आपण चालवायचो ती प्रिंट. प्रिंट ज्यावरून निघते ती निगेटिव्ह, कॅमेऱ्यातून गेलेली मूळ फिल्म. 'मंथन'ची निगेटिव्ह पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये राहिली होती. जुने सिनेमे जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं पुढाकार घेतला आणि चेन्नईच्या प्रसाद लॅबनं आणि इटलीत बोलोन्याला अशा कामासाठी नावाजलेली लॅब आहे तिनं मिळून काम केलं. आधी फिल्म हातानं तपासायची. कडेची फाटलेली भोकं, म्हणजे मशीनच्या दात्यात अडकतात ती, सांधायची. सुटलेले जोड पुन्हा चिकटवायचे, धुवायची. मग एकेक फ्रेम स्कॅन करायची. सेकंदाला चोवीस फ्रेमा. सव्वादोन तासांच्या किती होतात ते मी रात्री कागदावर मांडलं : एक लाख नव्वद हजारांच्या वर. लांबी धरली तर बारा हजार फूट. मग कॉम्प्युटरवर धूळ काढा, ओरखडे काढा, उडालेला रंग जागेवर आणा. रंग नेमका कुठवर आणायचा हे सांगायला बेनेगल आणि कॅमेरामन गोविंद निहलानी स्वतः होते, हे फार बरं झालं. नाहीतर कुणीतरी उत्साहानं सगळं चकचकीत करून टाकतं. जुन्या देवळाच्या काळ्या पाषाणाला ऑइलपेंट फासतात, तसं. चेहऱ्यावरचे दाणे, म्हणजे फिल्मचा मूळचा बारीक रवा, पुसून माणसं मेणाची केलेले सिनेमे मी टीव्हीवर पाहिलेत. काळ्यापांढऱ्या सिनेमाला रंग देणाऱ्यांबद्दल तर न लिहिलेलं बरं, तू हे पत्र ऑफिसातही वाचशील. काल दाणे जागेवर होते. धूळही होती, पण ती गुजरातच्या रस्त्यावरची, फिल्मवरची नव्हे.

फिल्मवरची धूळ आमची. पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडतो ना, तो आमच्या हातचा. मशीनचं गेट, म्हणजे उजेडासमोरून फिल्म सरकते ती जागा, ब्रशनं साफ न करता रीळ चढवलं की अडकलेला कण रीळभर रेघ ओढत जातो. रंगीत प्रिंटवर वरचा थर खरवडला की रेघ हिरवी, आणखी खोल गेली की पिवळी, पार तळापर्यंत गेली की पांढरी. आम्ही रेघेच्या रंगावरून आधीच्या थिएटरच्या ऑपरेटरची लायकी ठरवायचो. आमच्याकडे प्रिंट पोचेपर्यंत ती डझनभर गावं फिरलेली असायची. कधी कधी एकच प्रिंट दोन थिएटरांत चालायची, इथलं रीळ उतरलं की पोरगा डबा सायकलला लावून तिकडे पळायचा. तशात फिल्म तुटायची. तुटली की ब्लेडनं कड खरवडायची, सिमेंट म्हणजे फिल्म चिकटवायचं द्रावण लावायचं, दाबून धरायचं. प्रत्येक जोडात एक-दोन फ्रेमा जायच्या. खालून आरडाओरडा चालू असताना कोण मोजत बसतो? सिनेमा गावोगाव आखडत जायचा.

आणि सगळ्याच फ्रेमा तुटून गेल्या नाहीत, हेही लिहून टाकतो. तुला ती काडेपेटी आठवते? तू पाच-सहा वर्षांची असताना बल्बसमोर एकेक तुकडा धरून "हा कोण, ही कोण" विचारायचीस. मी तुला सांगितलं होतं, जोड लावताना उरलेले तुकडे आहेत. बरेचसे होतेच तसे. पण स्मिता पाटीलच्या तीन फ्रेमा मी कात्रीनं कापून घेतल्या होत्या. जोड एरवीही लावायचाच होता, म्हटलं आणखी तीननं काय होतंय. सेकंदाचा आठवा भाग.

काय झालं ते पुढच्या खेळाला कळलं. फिल्मच्या कडेनं आवाजाची एक बारीक नागमोडी पट्टी असते. पण चित्र वाचणारं गेट आणि आवाज वाचणारं डोकं मशीनमध्ये एका जागी नसतात, म्हणून ज्या चित्राचा आवाज तो त्याच्या शेजारी नसतो, वीसएक फ्रेमा आधी छापलेला असतो. मी कापलेल्या फ्रेमांत तिचं तोंड मिटलेलं होतं. मला वाटलं, काही बिघडत नाही. खेळ लावला, तर जोडावरून चित्र बिनबोभाट गेलं आणि पाऊण सेकंदानं ती बोलायला लागली तेव्हा तिचा पहिला शब्द अर्धा खाल्लेला. उरलेले चारही खेळ तो शब्द तसाच अर्धा गेला. साठ-सत्तर झोपाळू डोक्यांपैकी कुणी तक्रार केली नाही. मीच दर वेळी त्या जागी काचेपासून दूर व्हायचो.

काल तो शब्द पुरा ऐकला. साधाच आहे, गोष्टीला त्यावाचून काही अडत नाही. तरी आईनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मी काहीतरी हललो असणार.

पेपरातली एक गोष्ट मात्र मी दोनदा वाचली. चित्र निगेटिव्हवरून घेतलं, पण आवाज घेतला तो एका जुन्या प्रिंटवरून. थिएटरांसाठी काढतात तसल्या प्रिंटवरून! आम्ही समजायचो की प्रिंट म्हणजे वापरून टाकायची वस्तू. भाडं वसूल झालं की गोदामात, तिथून भंगारात. जुन्या काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते, ती काढायला कितीतरी सिनेमे धुतले गेले. आपला पहिला बोलपट, ३१ सालचा 'आलम आरा', त्याची एक प्रिंट कुठे उरली नाही. बोलपटाचाच आवाज गेला बघ. जे भंगारात जात नाही ते डब्यात सडतं. झाकण उघडलं की व्हिनेगरचा भपकारा येतो, त्यावरून ओळखायचं की फिल्म संपली. आणि या एका प्रिंटची आवाजाची पट्टी ठीक राहिली. ती कुठे कुठे फिरली मला माहीत नाही. पण कुठे चालली असेल, तर तिथल्या ऑपरेटरनं गेट पुसलं असणार, आणि कात्री लांब ठेवली असणार. त्याचं नाव शेवटच्या पाट्यांत नव्हतं. मी सगळ्या वाचल्या, दिवे लागून पोरं झाडायला आली तरी उभा राहून वाचल्या.

काडेपेटी माळ्यावरून खाली काढली आहे. त्या तीन फ्रेमा लाल झाल्यात. त्या काळच्या रंगीत फिल्मचं असंच होतं, निळसर रंग आधी उडतो आणि मागे लाल राहतो. ओढणी लाल, आभाळ लाल, तीही लाल. तू पुढच्या महिन्यात थिएटरात नाहीतर कुठेही तो सिनेमा बघितलास, तर ताडून बघायला एक फ्रेम या पाकिटात घालतोय. दोन मी ठेवल्यात. बोटं कडेलाच लाव, मधे लावू नकोस. पांढऱ्या बल्बसमोर धर, उन्हात नको. कडेला नागमोडी रेघ दिसेल. ती तिच्या पुढच्या बोलण्याची आहे.

आई म्हणते, रविवारी फोन कर, आणि मला स्पीकरवर टाकायला लावू नकोस.

तुझा,
बाबा