साखर-रक्तदाब ठीक असला, तरी लघवी तपासा

जागतिक मूत्रपिंड दिनानिमित्त आपण छापलेला लठ्ठपणावरील लेख वाचला. वजनामुळे मधुमेह व रक्तदाब जडतो आणि त्यातून मूत्रपिंड बिघडते, हे त्यातील म्हणणे बरोबर आहे, पण अर्धेच. साखर आणि रक्तदाब काबूत असलेल्या स्थूल माणसाच्या मूत्रपिंडालाही थेट इजा होऊ शकते. पोटातील चरबीच्या पेशी फुगल्या की तेथे मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ अशी दाहकारक द्रव्ये रक्तात मिसळत राहतात. संरक्षण करणारे संप्रेरक अ‍ॅडिपोनेक्टिन मात्र घटते. मूत्रपिंडाच्या गाळण्यांवर जादा रक्त गाळण्याचा ताण आधीच असतो, त्यात हा दाह. गाळणीला बिलगलेल्या पोडोसाइट पेशी सुटू लागतात, त्यांची भरपाई फारशी होत नाही आणि अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन लघवीत झिरपते. हे सारे कुठेही न दुखता.

म्हणून ‘क्रिएटिनिन नॉर्मल, तर काळजी नको’ हा लेखातील सल्ला मला धोक्याचा वाटतो. क्रिएटिनिन हा मूत्रपिंड बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ; रक्तातील त्याचे प्रमाण बहुधा मूत्रपिंडाची निम्मी क्षमता गेल्यावरच वाढते. कंबर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर सकाळच्या पहिल्या लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर पाहावे. ते क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम अल्ब्युमिन किंवा अधिक आले, तर ३ महिन्यांच्या आत पुन्हा तपासून खात्री करावी. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम असताना नमुना देऊ नये. आकडा फसवा वाढतो. आरोग्य तपासणीच्या अनेक पॅकेजांत ही चाचणी नसते, ती आवर्जून मागावी लागते.

– एक मूत्रपिंडविकारतज्ज्ञ, नाशिक