मऊ कवचाचा खेकडा आणि पाण्याखालचे गवत

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोकणातील खेकडापालनाविषयी आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून मजकूर येतो आणि त्यात ‘सॉफ्ट शेल क्रॅब’चा उल्लेख बहुधा त्याच्या चढ्या भावापुरता असतो. असा मजकूर वाचून हा मऊ पाठीचा एखादा वेगळाच वाण असावा, असे पुष्कळांना वाटते. मुंबईच्या हॉटेलात तो हौसेने मागवणाऱ्या माझ्या नातलगांचाही तोच समज होता. वास्तविक अशी कोणतीही जात नाही. कात टाकलेल्या खेकड्याची ती जेमतेम काही तासांची अवस्था आहे, आणि ते तास तो कोठे काढतो याचा विचार केल्याशिवाय त्याच्या धंद्याची चर्चा अर्धवट राहते, असे मला वाटते. मी मूळची वेंगुर्ल्याची. गेली बावीस वर्षे मी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, चेसापीक उपसागराच्या काठी राहते. उथळ पाण्यातल्या गवतात शिरून हे खेकडे दांडीच्या जाळ्याने टिपण्याची येथे जुनी रीत आहे आणि ती मी शेजारच्या एका वृद्ध मच्छीमाराकडून शिकले. त्या शिकवणीत खेकड्यापेक्षा गवताविषयी अधिक होते, म्हणून हे पत्र.

चेसापीक उपसागर सुमारे ३२० किलोमीटर लांब आहे, परंतु त्याची सरासरी खोली साडेसहा मीटरच्या आसपास भरते. काठालगतच्या त्याहूनही उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचते आणि म्हणून काठाकाठाने पाण्याखाली गवताची कुरणे वाढतात. हे शेवाळ नव्हे. त्याला मुळे असतात, फुले येतात, बी धरते. दक्षिणेकडच्या खारट पाण्यात प्रामुख्याने दोन जाती दिसतात: लांब फितीसारख्या पात्यांचे ईलग्रास आणि केसांसारखे बारीक विजनग्रास. येथला निळ्या डेंग्यांचा खेकडा आपल्या कुर्लीच्याच कुळातला असून त्याचेही मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे असतात. मेरी रॅथबन या अभ्यासिकेने १८९६ मध्ये त्याला ‘कॅलिनेक्टिस सॅपिडस’ असे नाव दिले, त्याचा अर्थ ‘सुंदर पोहणारा, चवदार’ असा होतो. मादी अंडी सोडण्यासाठी उपसागराच्या मुखाशी जाते, पिल्ले प्रथम समुद्रात वाहत जातात आणि उन्हाळ्याच्या अखेरीपासून परत आत येऊन या गवतात आसरा घेतात. उघड्या वाळूपेक्षा गवतात पिल्ले कितीतरी पटींनी अधिक सापडतात.

कवच वाढत नाही, म्हणून खेकड्याला ते वारंवार टाकावे लागते. पूर्ण वयात येईपर्यंत मादी वीसएक वेळा कात टाकते. जुन्या कवचाच्या आत नवे, कातड्यासारखे मऊ कवच आधीच तयार झालेले असते. वेळ आली की पाठीच्या मागच्या बाजूला चीर पडते आणि खेकडा उलट्या दिशेने बाहेर सरकतो. डेंगे, पाय, डोळ्यांवरचे आवरण, कल्ल्यांवरचा पापुद्रा, फार काय जठराचे अस्तरही तो त्या जुन्या सांगाड्यात ठेवून येतो. मग पाणी शोषून फुगतो आणि पाहता पाहता पाव-तृतीयांश पटीने मोठा होतो. या वेळी त्याला नांगी मारता येत नाही, धड पळताही येत नाही. मासे, बगळे आणि त्याचे स्वतःचे भाईबंदसुद्धा त्याला खायला टपलेले असतात. गवताच्या बुडाशी दडून राहणे एवढाच उपाय त्याच्या हाती असतो. बारा तासांत कवच कागदासारखे होते, दिवसभरात चामड्यासारखे चिवट होते आणि दोन-तीन दिवसांत पूर्ववत टणक. कवच घट्ट करणारे चुन्याचे द्रव्य तो पाण्यातून घेत असल्यामुळे पाण्याबाहेर काढला की ही क्रिया थांबते, आणि सगळा धंदा याच एका गोष्टीवर उभा आहे.

पकडण्याची रीत सांगते. मे महिन्यात पाणी तापू लागले की ओहोटीच्या शेवटच्या दोन तासांत, ऊन पाठीशी घेऊन गुडघ्यापासून मांडीपर्यंतच्या पाण्यात उतरायचे. पाऊल उचलून टाकायचे नाही, तळाशी घासत पुढे सरकवायचे, कारण उन्हाळ्यात वाळूत काटेरी शेपटीचे पाकट मासे बसलेले असतात आणि पाय लागला तर काटा मारतात, पाय घासत चाललात तर मात्र आधीच दूर होतात. ट्यूबमध्ये बसवलेली टोपली कमरेला दोरीने बांधून मागे तरंगत ठेवायची, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. प्रवाहाच्या विरुद्ध चालायचे, जेणेकरून आपल्या पायांनी उठलेला गाळ मागे वाहून जाईल आणि पुढचे पाणी स्वच्छ राहील. मग गवताच्या मोकळ्या फटी, वाळूचे गोल डाग आणि पात्यांचे बुंधे नजरेने चाळत जायचे. कात टाकलेल्या खेकड्याचा रंग धुतल्यासारखा ताजा असतो. जवळच त्याचे रिकामे कवच पडलेले किंवा तरंगत असले की खूण पटते. पहिल्या वर्षी मला काहीच दिसत नसे. शेजारी माझ्या पायापाशी बोट दाखवीत आणि मी तेथे निव्वळ गवत पाहत असे. जाळे टाकण्याची घाई करायची नाही, गवत ओरबाडायचे नाही, दांडी खेकड्यामागे हळूच उतरवून त्याला पुढून हाताने जाळ्यात लोटायचे, हे त्यांचे सांगणे मी आजही पाळते.

पुष्कळदा कात टाकण्याच्या बेतात असलेला, वरून टणक दिसणारा खेकडा हाती लागतो. त्याची खूण वल्ह्याच्या पायाच्या शेवटून दुसऱ्या पेरावर असते. तेथे कडेला पांढरी रेघ दिसली तर सुमारे दोन आठवडे, गुलाबी दिसली तर आठवडाभर, लाल झाली असेल तर एक ते तीन दिवस, असा हिशेब आहे. मेरीलँडचे क्रिसफील्ड, स्मिथ बेट आणि व्हर्जिनियातील टँजियर बेट येथले मच्छीमार असे खेकडे गोळा करून किनाऱ्यावरच्या वाहत्या पाण्याच्या हौदांत ठेवतात आणि दर तीन-चार तासांनी, रात्रीसुद्धा, उठून कात टाकलेले तेवढे वेचतात. उशीर झाला की कवच घट्ट होते किंवा शेजारचा खेकडा खाऊन टाकतो. पूर्वी हे मऊ खेकडे दूरच्या बाजारी पाठवताना ओल्या ईलग्रासच्या थरांत रचून पाठवत, म्हणजे शेवटपर्यंत त्यांच्या अंगाखाली गवतच असे. गवतातून खेकडे काढण्यासाठी हे मच्छीमार दातांशिवायची लोखंडी चौकट आणि तिला बांधलेले जाळे उथळ होडीमागून ओढतात. दात नसल्यामुळे मुळे उपटली जात नाहीत, आणि हे साधन शंभर-दीडशे वर्षे टिकले त्याचे कारण मला यातच दिसते.

मेच्या पौर्णिमेच्या आसपास कात टाकण्याची पहिली मोठी लाट येते असा येथील जुन्या लोकांचा विश्वास आहे. ‘अमावस्येची कुर्ली भरलेली, पौर्णिमेची पोकळ’ असे आमची आजी म्हणायची, ते मला येथे दर वर्षी आठवते. नुकतीच कात टाकलेली कुर्ली उकडली की आत मांसापेक्षा पाणीच अधिक निघते, हे कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

या गवतात जोड्याही दिसतात. मादीची शेवटची कात जवळ आली की नर तिला पोटाखाली धरून कित्येक दिवस वागवतो. ती मऊ असतानाच त्यांचा संग होतो आणि कवच घट्ट होईपर्यंत तो तिला सोडत नाही. मादीचा संग आयुष्यात या एकाच वेळी होतो आणि त्यावरच पुढे ती लाखो अंडी अनेक वेळा घालते. कायद्याने जोडी धरायला हरकत नसली तरी मी ती उचलत नाही. दोन खेकडे एकदम मिळतात म्हणून तिच्यावर झडप घालणारे पुष्कळ असतात आणि त्यांच्याशी माझा वादही झाला आहे. त्या मादीने एकदाही अंडी घातलेली नसताना तिला तव्यावर टाकणे मला पटत नाही.

तरीही खेकड्यांची घट निव्वळ जास्त पकडल्यामुळे होते असे म्हणणे अपुरे ठरेल. १९७२ च्या जूनमध्ये आलेल्या ॲग्नेस वादळाच्या पुरात उपसागर गाळाने भरून गेला आणि गवताची अफाट हानी झाली. त्याआधीपासून आणि नंतरही शेतांतली खते आणि शहरांचे सांडपाणी यांतून नायट्रोजन आणि फॉस्फरस येत राहिले, पाण्यात हिरवट सूक्ष्म शेवाळ माजले आणि तळाचे ऊन हरपले. मेरीलँडच्या सिनेटचे सदस्य बर्नी फाउलर सांगत असत की, तरुणपणी पॅटक्संट नदीत छातीभर पाण्यात उभे राहून गवतात खेकडे टिपताना त्यांना स्वतःची पावले दिसत. १९८८ पासून ते दर जूनमध्ये पांढरे बूट घालून लोकांसह नदीत उतरू लागले आणि बूट दिसेनासे होतात ती खोली मोजू लागले. फाउलर २०२१ मध्ये निवर्तले. पाण्याच्या गढूळपणाचे असे कोणालाही समजणारे मोजमाप मला दुसरे माहीत नाही.

विमानातून छायाचित्रे घेऊन या गवताची मोजणी १९८४ पासून नियमित होते. त्या वर्षी ते सुमारे ३८ हजार एकर होते. सांडपाण्याची शुद्धी आणि खतांवरचे निर्बंध यांमुळे २०१८ मध्ये ते एक लाख एकरांच्या वर गेले. पण त्याच सुमारास झालेल्या अतिवृष्टीने २०१९ मध्ये ते पुन्हा ६६ हजार एकरांच्या आसपास उतरले. २०१४ च्या उपसागर करारातले उद्दिष्ट १ लाख ८५ हजार एकरांचे होते. शिवाय ईलग्रास थंड पाण्याचे असल्याने २००५ आणि २०१० च्या कडक उन्हाळ्यांत ते मोठ्या प्रमाणावर करपले आणि त्याची जागा अनेक ठिकाणी विजनग्रास घेत आहे, जे पावसाच्या एका वाईट वर्षाने नाहीसे होऊ शकते. खेकड्यांची हिवाळी मोजणी १९९० पासून चालते. तीत २०२२ साली २२ कोटी ७० लाख हा तोवरचा नीचांक नोंदला गेला आणि मध्ये वाढ होऊन २०२५ साली आकडा पुन्हा २३ कोटी ८० लाखांपर्यंत घसरला. मधल्या काळात जाळी एकाएकी वाढली नव्हती, हे मी मुद्दाम नमूद करते. कारणे अनेक असतील, पण पिल्लांचे घर त्यांतून वगळता येणार नाही.

गेलेले गवत परत आणता येते हेही याच राज्याने दाखवले आहे. व्हर्जिनियाच्या अटलांटिक बाजूच्या खाजणांतले ईलग्रास १९३० च्या दशकात रोगाने आणि १९३३ च्या वादळाने पुसले गेले होते. या शतकाच्या आरंभापासून संशोधक आणि स्वयंसेवक वसंतात फुलोरा गोळा करतात, उन्हाळ्यात हौदांत बी पिकवतात आणि शरदात पेरतात. सात कोटींहून अधिक बिया पेरल्यावर तेथे सुमारे ९ हजार एकर कुरण उभे राहिले. भाताची पेर पाहत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये, तरी मला ते पहिल्यांदा पाहताना भरून आले.

आता आपल्याकडचे. कोकणातली कुर्ली कात टाकायला आणि वाढायला प्रामुख्याने कांदळवनाच्या मुळांत राहते. तेथे तीच जागा गवताचे काम करते. मात्र आपल्या खाड्यांच्या चिखलावर ‘हॅलोफिला’ जातीचे बोटभर उंचीचे गवतही वाढते, आणि त्यातली ‘बेकॅरी’ ही जात जगभरात धोक्यात आलेल्या वनस्पतींमध्ये गणली जाते. जाता-येता ते चिखलावरची हिरवी बुरशी समजून तुडवले जाते, त्यावर भराव टाकला जातो. कांदळवनासाठी आज निदान कायदा आणि स्वतंत्र कक्ष आहे, या गवताचे नावही गावात कोणी घेत नाही. खेकडापालनाला माझा विरोध नाही, उलट बचत गटांतल्या महिलांना त्यातून मिळणारे उत्पन्न मला मोलाचे वाटते. तमिळनाडूतील राजीव गांधी जलसंवर्धन केंद्रासारख्या ठिकाणी खेकड्याची पिल्ले तयार होतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण जेथे पालनाच्या पेट्यांत भरण्यासाठी खाडीतलीच लहान कुर्ली धरून आणली जाते, तेथे मऊ खेकड्याचा भाव शेवटी ती खाडीच फेडत असते.

म्हणून विनंती अशी की, यापुढे मऊ कवचाच्या खेकड्याविषयी मजकूर छापताना त्याची पिल्ले कोठून आणली आणि त्या खाडीतली कांदळे व गवत यांचे गेल्या दहा वर्षांत काय झाले, हे दोन प्रश्न आपल्या वार्ताहराने अवश्य विचारावेत. मेरीलँड आणि व्हर्जिनियात राहणारी अनेक मराठी कुटुंबे उन्हाळ्यात खेकड्यांसाठी पाण्यात उतरतात. त्यांना सांगणे असे की, मऊ खेकडा साडेतीन इंचांपेक्षा लहान असेल तर तो सोडलाच पाहिजे, अंडी धरलेली मादीही सोडावी, आणि होडी गवतावर आली की इंजिन बंद करून बांबूने रेटावी, कारण पंख्याने कापलेला गवतातला चर भरून यायला वर्षानुवर्षे लागतात.

आपली नम्र,
एक वाचक
हॅम्प्टन, व्हर्जिनिया (मूळ गाव वेंगुर्ला)