क्रूगरच्या गवताळ रानातील आगी मोजताना: एक जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या सव्हाना प्रदेशात आगीने किती क्षेत्र जळते, हे उपग्रह प्रतिमांवरून मोजण्याचे माझे काम पूर्ण होत असताना आपले ऋण जाहीरपणे नोंदवावे असे मनापासून वाटले, म्हणून हे पत्र.

तेथील प्रायोगिक भूखंड १९५४ पासून ठरलेल्या महिन्यांत, ठरलेल्या वर्षांच्या अंतराने जाळले जातात आणि काही मुद्दाम न जाळता राखले जातात. असा एक भूखंड साधारण ७ हेक्टरांचा. मोडिस या नासाच्या उपग्रहांवरील संवेदकाच्या जळित-नकाशातील एक चौकट (पिक्सेल) ५०० मीटरची, म्हणजे २५ हेक्टरांची असल्याने तो तिच्यात हरवूनच जातो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या २० मीटरच्या प्रतिमेत मात्र त्याच भूखंडावर सुमारे १७५ चौकटी बसतात. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेचे २०१६ चे जळित क्षेत्र सेंटिनेल-२ वरून मोजले गेले, तेव्हा ते मोडिसच्या आकड्यापेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी अधिक भरले. इतक्या लहानसहान आगी तोवर हिशेबाबाहेर होत्या.

माझी खरी अडचण उद्यानातील सतारा छावणीजवळच्या बेसाल्टवरील काळ्या मातीची होती, कारण विरळ गवतातून उघडी पडलेली ही जमीन आणि नुकतेच जळालेले रान प्रतिमेत सहज वेगळे ओळखता येत नाही. आपण सशस्त्र रक्षकाला सोबत घेऊन मला जळिताच्या कडेने पायी नेलेत, जीपीएसवर ती कड नोंदवून घेतलीत आणि गवताचा एक ठोंब बोटांनी उकलून दाखवलात: बाहेरून करपलेले बुडखे, आत ओलसर हिरवा कोंभ. हे कोंभ वर आले आणि राख वाऱ्याने उडाली की काही आठवड्यांतच ज्यावरून जळित ओळखायचे तो निकट अवरक्त व लघुतरंग अवरक्त या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशपट्ट्यांतील फरक पुसट होत जातो, म्हणून आगीच्या आधीची आणि नंतरची प्रतिमा शक्य तितक्या जवळच्या तारखांची हवी, हा आपला आग्रह माझ्या मोजणीचा पाया ठरला.

आपल्या जुन्या क्षेत्रनोंदीही आपण विनाअट दिल्यात. इतके औदार्य संशोधनात विरळाच आढळते.

सुधारलेला नकाशा सोबत पाठवत आहे. सताराच्या भूखंडांवरील न जळालेले तुकडे मी वेगळ्या रंगात दाखवले आहेत. ते आपल्या नोंदींशी ताडून पाहावेत, ही नम्र विनंती.

आपली कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थिनी