दाण्याची वेळ ठरली, आता वजन ठरवा: मुंबईच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय: कबुतरांना नियंत्रित दाणे देण्याची चार ठिकाणे

महोदय,

जुलै 2025 मध्ये कबुतरखाने बंद करायचे ठरले. ऑगस्टमध्ये दादरला ताडपत्री लागली आणि फाटलीही. ऑक्टोबरअखेर वरळी जलाशय, लोखंडवाला बॅक रोड, ऐरोली-मुलुंड जकात नाका आणि गोराई मैदान इथे सकाळी 7 ते 9 दाणे टाकायला तात्पुरती मुभा मिळाली. एवढ्या काळात भांडण झाले ते आस्था मोठी की आरोग्य यावर. कबुतरे वाढतात कशी, हे त्या गोंगाटात मागेच राहिले.

बहुतेक पक्ष्यांना पिल्लांसाठी किडे-अळ्या लागतात, म्हणून त्यांचा विणीचा हंगाम ठरलेला असतो. कबुतराला तो अडसर नाही. नर-मादी दोघेही गळ्यातल्या पिशवीत तयार होणारे दुधासारखे द्रव्य पिल्लांना भरवतात, आणि त्याला दाणा पुरतो. दोन अंडी, साधारण 18 दिवसांची उबवण, पुढच्या महिनाभरात पिल्लू उडायला तयार. ते घरट्यात असतानाच मादी पुढची अंडी घालते. दाणा बारमाही, म्हणून वीणही बारमाही.

एक कबुतर दिवसाला सुमारे 30 ग्रॅम दाणा खाते. म्हणजे ज्वारीचे 50 किलोचे एक पोते सोळाशेहून अधिक पक्ष्यांचा दिवसाचा शिधा. दोन तासांत चार पोती ओतली, तर साडेसहा हजार कबुतरे पोसली जातील. घड्याळ काही का दाखवेना. म्हणून प्रत्येक ठिकाणी वजनकाटा ठेवा. पहिले पंधरा दिवस नुसते मोजा, तोच आकडा कमाल मर्यादा धरा, आणि मग दर पंधरवड्याला एक दशांश कमी करत जा.

एकदम बंद करण्याचे काय होते, ते दादरकर सांगतील. कबुतर जागा सोडत नाही. त्याच इमारतींच्या छज्ज्यांवर, त्याच एसीच्या मागे बसते, घरट्यातली पिल्ले उपाशी मरतात, आणि ते न बघवणारी माणसे गच्चीवरून, गाडीच्या टपावरून दाणे टाकू लागतात. 500 रुपयांचा दंड गच्चीपर्यंत पोहोचत नाही.

पकडून किंवा मारूनही संख्या घटत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये 1961 ते 1985 या काळात सुमारे एक लाख कबुतरे मारली गेली, तरी शहरातली संख्या वीस हजारांच्या आसपासच राहिली, कारण रिकामी झालेली जागा आणि उरलेला दाणा नव्या पिल्लांच्या वाट्याला येत होता. 1988 पासून लोकांना दाणे टाकण्यापासून परावृत्त केले, देखरेखीखाली ढाबळी (कबुतरांची खुराडी) बांधल्या, तेव्हा चारेक वर्षांत संख्या निम्मी झाली.

आपल्या चार ठिकाणी या ढाबळीच हव्यात. दाण्याच्या जागेपासून दोन-तीनशे मीटरच्या आत, फूटभर लांब-रुंद-उंच खणांची फडताळे, आत माणूस उभा राहील एवढी जागा, तळाला निघणारा ट्रे. आठवड्यातून दोनदा, वार ठरवून, ताजी अंडी काढायची आणि त्या जागी प्लास्टरची किंवा भरीव प्लास्टिकची खोटी अंडी ठेवायची, वजन 15 ते 18 ग्रॅम. पोकळ, हलकी अंडी पायाने बाहेर ढकलली जातात. अंडी नुसती उचलली तर मादी आठवडा-दहा दिवसांत पुन्हा घालते. खोटी ठेवली तर ती तीन आठवडे त्यांवर बसून राहते. मधूनमधून एखाद्या जोडीला एक पिल्लू वाढवू द्यावे, नाहीतर जोड्या ढाबळ सोडून पुन्हा खिडक्यांकडे जातात. चालवायला दाणे टाकणाऱ्या संस्थाच घ्या. त्यांचा हात रोज तिथे असतोच, आणि यात एकही पक्षी मरत नाही.

बार्सिलोनाने वापरलेला, अंडी उबू न देणारा औषधी मका पुष्कळांना सोपा वाटतो. पण तो प्रत्येक पक्ष्याला रोज 8 ते 10 ग्रॅम मिळावा लागतो. पलीकडच्या फुटपाथवर कोणी फुकट ज्वारी टाकत असेल, तर औषध वाया.

महापालिकेच्या उद्यानांत आणि इमारतींत जाळी 50 मिमी विणीची घ्या आणि ती चारही बाजूंनी ताणलेल्या तारेला बांधा. चिकटवलेल्या प्लास्टिकच्या हुकांवरची जाळी पहिल्याच पावसाळ्यात सुटते, कबुतर आत शिरते आणि तिथेच अडकून मरते. कबुतर बसू नये म्हणून काटे लावाल तर काड्या रचून त्यांवरच घरटे होते. त्याऐवजी छज्ज्यावर 45 अंशांहून अधिक उताराचा पत्रा ठोका. प्लास्टिकच्या घुबडाच्या डोक्यावर बसलेले कबुतर मुंबईत नवे नाही, त्यामुळे त्यावर निविदा काढू नये.

एक गोष्ट मात्र उद्यापासून बदलता येईल. सफाई कामगार सुकलेली विष्ठा झाडूने झाडतात. तिची धूळ श्वासात गेली की फुप्फुसाचा ॲलर्जीजन्य दाह आणि बुरशीचे आजार होऊ शकतात. आधी पाणी शिंपडून दहा मिनिटे थांबायचे, मग खरवडून पिशवीत भरायचे. एन-95 मास्क, हातमोजे. जेट पंप नको, त्याने कण उडतात.

चारही ठिकाणच्या दाण्याचे वजन, बदललेली अंडी आणि पक्ष्यांची मोजणी (महिन्यातून सलग तीन दिवस, सकाळी त्याच वेळी, फोटोवरून) यांचे आकडे दर महिन्याला संकेतस्थळावर टाकावेत. सहा महिन्यांत पक्ष्यांचा आकडा घटला नाही, तर त्या ठिकाणची परवानगी पुढे वाढवू नये.

आपले,
पक्षी आणि सार्वजनिक आरोग्य या विषयांत काम करणारे काही मुंबईकर