बाळला स्वतःला बोलू द्या

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर तब्येत आणि औषधं यांतच वेळ जातो आणि सांगायचं ते राहून जातं. शिवाय फोन स्पीकरवर असतो आणि बाळ शेजारीच बसलेला असतो. त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलणं मला आता नको वाटतं. म्हणून हे पत्र लिहिते आहे. बाबांनी मोठ्याने वाचलं तरी चालेल, फक्त बाळ समोर असेल तर त्यालाही ऐकू द्या.

माझी ड्यूटी स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांच्या मजल्यावर असते हे तुम्हाला माहीत आहे. गेले काही महिने दर बुधवारी तिथे पाच तरुण मुलं येतात. दोघांना आपल्या बाळसारखाच डाऊन सिंड्रोम आहे. एक मुलगी स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूतल्या दोषाने हालचालींवर नीट ताबा नसल्यामुळे, एक जण व्हीलचेअरवर असतो. पाचवीला नवी गोष्ट समजून घ्यायला वेळ लागतो. ती कार्यक्रम करून दाखवायला येत नाहीत, स्वयंसेवक म्हणून येतात. वहीत सही करतात, गळ्यात ओळखपत्र घालतात आणि ठरलेल्या खुर्च्यांवर जाऊन बसतात. सुरुवातीला त्यांचं प्रशिक्षण झालं आणि सोबत त्यांची एक मार्गदर्शक बाईही असते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या मनात आलं होतं, आधीच आमची इतकी धांदल, त्यात आणखी पाच जणांना सांभाळायचं. बाळची बहीण असून माझ्या मनात हे आलं. ते तुमच्यापासून लपवत नाही.

आमच्याकडे एक आजी आहेत, पूर्वी शिक्षिका होत्या. दर चार-पाच मिनिटांनी विचारतात, "मला न्यायला कोण येणार आहे?" आम्ही नर्सेस तीनदा नीट उत्तर देतो. चौथ्यांदा शब्द तेच असतात, पण आवाजात कंटाळा येतो आणि तो आजींना बरोबर कळतो. ती स्वमग्न मुलगी दर वेळी एकाच सुरात सांगते, "आत्ता मी तुमच्याजवळ आहे." एका दुपारी मी मोजलं, एकोणीस वेळा. एकोणिसावं उत्तर पहिल्यासारखंच होतं. सगळ्याच स्वमग्न मुलांना हे जमेल असं नाही, पण हिला जमतं.

व्हीलचेअरवरच्या मुलाने तर न बोलताच मला एक गोष्ट शिकवली. स्मृतिभ्रंशात डोळे चांगले असले तरी बाजूचं दिसणं कमी होत जातं. आम्ही बाजूने येतो, वरून वाकून बोलतो आणि माणूस दचकतो. तो मुलगा समोरून हळूहळू येतो आणि त्याची नजर आपोआप त्यांच्या नजरेच्या उंचीवर असते. त्याचे शब्द जड येतात, एक वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो. आजोबांनाही ऐकलेलं आत पोहोचायला तेवढाच वेळ लागतो. दोघांची चाल जुळते.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं, त्याच्याविषयी. डाऊन सिंड्रोम असलेला एक मुलगा आहे, बाळच्याच वयाचा. हसताना डोळे तसेच बारीक होतात. तो एका आजोबांजवळ बसतो, जे आयुष्यभर शिवणकाम करत. दोघांसमोर रुमालांचा ढीग असतो आणि दोघं घड्या घालतात. आजोबांना सकाळी काय झालं ते आठवत नाही, कारण प्रसंग लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यात नेहमीच्या आजारात, लवकर बिघडतो. हातांना पडलेलं वळण मात्र दुसरीकडे साठवलेलं असतं आणि ते बरंच उशिरापर्यंत टिकतं. कडेला कड लावून ते अंगठ्याने अशी घडी दाबतात की इस्त्री केल्यासारखी दिसते. मुलगा त्यांच्याकडून शिकतो. आजोबांकडून कुणी काही शिकतंय, असं मी याआधी पाहिलं नव्हतं.

एकदा आजोबांनी त्याला आपल्या गेलेल्या मुलाच्या नावाने हाक मारली. अशा वेळी खोटं सांगू नये आणि वादही घालू नये, त्या माणसाबद्दल बोलतं करावं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. तरी ऐन वेळी जीभ अडखळते. तो मुलगा म्हणाला, "मी तो नाही. पण मी बसतो इथे." आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुढचा रुमाल त्याच्यापुढे सरकवला.

पुढच्या बुधवारी आजोबा त्याला ओळखत नाहीत. पण तो आला की त्यांचे खांदे सैल होतात. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांना दुःखाच्या आणि आनंदाच्या चित्रफिती दाखवल्या होत्या. काय पाहिलं हे ते लवकरच विसरले, पण मनात उठलेली भावना त्यानंतरही टिकून होती. म्हणजे "त्यांना कुठे कळतंय" म्हणून केलेला तुसडेपणाही आत राहतो आणि माया केली तर तीही राहते.

टॉम किटवूड नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात एक यादी केली होती. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला भोवतालची प्रेमळ माणसंच, मनात काही वाईट नसताना, कशी खचवतात त्याची. त्यांना झेपणार नाही इतक्या भरभर बोलणं. लहान मुलासारखं वागवणं. ते समोर असताना नसल्यासारखं त्यांच्याविषयी बोलणं. ती यादी मी प्रशिक्षणात शिकले आणि मला आपलं घर आठवलं. आई, तुझ्या मायेत कुठे कमी नाही. पण कुणी बाळला काही विचारलं की तो तोंड उघडायच्या आत आपण तिघंही उत्तर देऊन मोकळे होतो. चोवीस वर्षांच्या माणसाला आपण अजून बाळ म्हणतो.

दुसरी गोष्ट जड आहे, पण मला ती माहीत आहे आणि तुम्हाला नाही, हे बरोबर नाही. बाळच्या पेशींत २१ वं गुणसूत्र दोनऐवजी तीन आहे, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड ज्या प्रथिनापासून तयार होतं, त्याचं जनुक त्याच गुणसूत्रावर असतं. त्यामुळे डाऊन सिंड्रोम असलेल्या बहुतेकांच्या मेंदूत चाळिशीपर्यंत अल्झायमरसारखे बदल दिसतात आणि पुष्कळांना पन्नाशीच्या आसपास प्रत्यक्ष आजार सुरू होतो. पूर्वी हे फारसं लक्षात येत नसे, कारण ही माणसं तेवढी जगतच नसत. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षांच्या आसपास होतं, आता ते साठीच्या घरात गेलं आहे. हे कळल्यावर रुमालांसमोर बसलेल्या त्या दोघांकडे मला काही दिवस बघवेना. मग पुन्हा बघू लागले. पुढे बाळच्या हातांना काही आठवायचं असेल, तर आत्ता त्या हातांनी काही केलेलं असायला हवं.

मागच्या महिन्यात ते आजोबा गेले. मुलाला लगेच सांगू नये, असं आमच्यातल्या काहींचं मत होतं. त्याच्या मार्गदर्शक बाईंनी ऐकलं नाही. शेजारी बसून सरळ शब्दांत सांगितलं, "ते वारले. आता येणार नाहीत." "झोपले" नाही, "गावाला गेले" नाही. तो खूप रडला. मग त्याने एक रुमाल घडी करून त्या खुर्चीवर ठेवला, आणि पुढच्या बुधवारी पुन्हा आला. आजी गेली तेव्हा आपण बाळला कितीतरी दिवस काही सांगितलं नव्हतं, आठवतं? तो रोज तिच्या खोलीचं दार उघडून बघायचा. आपल्याला वाटत होतं आपण त्याला जपतोय.

हुरळून जाऊन लिहीत नाही. सगळं सुरळीत होत नाही. आरडाओरडा झाला की त्या मुलीला बाहेर शांत खोलीत जावं लागतं. एका आजोबांनी एकाला फार वाईट शब्द वापरले होते. आणि मला सगळ्यात खटकतं ते म्हणजे अशा मुलांना सेवेच्या नावाखाली फुकट राबवलं जाण्याचा धोका. अंघोळ, औषधं, उचलणं यांतलं काही त्यांनी करायचं नाही हे ठरलेलं आहे. पण ज्याला हे काम जमतं त्याला पुढे पगार मिळायला हवा, हे मी इथल्या बैठकीत बोलले आहे आणि बोलत राहीन.

रविवारी मी फोन करीन, तेव्हा मला बाळशी बोलायचं आहे. त्याला विचारायचं आहे, कुणासाठी काही काम करायला आवडेल का, आणि त्याला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल. तो लगेच बोलणार नाही, मोठी शांतता होईल. आई, तेव्हा मध्ये बोलू नकोस. बाबा, तुम्हीही नको. मी थांबेन.

तुमची लेक